पायरीवरचं ताट

१५ सप्टेंबर

पोचले एकदाची! उत्तरेतल्या बेर्गामोहून इथं दक्षिणेत, दोन रेल्वेगाड्या आणि वर एक बस, असे सोळा तास. बसचा ड्रायव्हर दर वळणावर दोन्ही हात सोडून मागच्या बाईशी तिच्या भाचीच्या लग्नावरून वाद घालत होता. तरीही मी, माझ्या तीन बॅगा आणि शिवणयंत्र, सगळे सोर्वेल्लोच्या चौकात धडधाकट उतरलो. गच्च्यांवर अंजिरं सुकत घातलेली, बाल्कन्यांतून मिरच्यांच्या माळा, आणि खाली समुद्र. इतका निळा की मला उगीचच हसू आलं.

घर पाहताक्षणी आवडलं. समुद्राच्या अंगाला तीन खिडक्या, स्वयंपाकघराचं दार थेट गल्लीत, बाहेर दगडाची एकच पायरी. हे सावेरियोच्या आईचं घर. फिलोमेनाबाई मार्चमध्ये गेल्या, तेव्हापासून बंद होतं. आमची भेट कधी झालीच नाही. मुलानं उत्तरेकडची बायको केली, तीही घटस्फोट झालेली, म्हणून त्या लग्नाला आल्या नाहीत. चार वर्षांत माझ्या वाट्याला त्यांचं एकच वाक्य आलं, तेही फोनवर: सावेरियोला द्या. मी दिला. गेल्यावर तरी माणसाबद्दल मनात काही ठेवू नये, म्हणून आज त्यांचा फोटो पुसून पुन्हा भिंतीवर नीट लावला.

सावेरियो मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळतो. ही त्याची शेवटची खेप. जहाज जेनोवाला लागलंय, माल उतरला की तीस तारखेला तो मोकळा होईल आणि कायमचा इथं येईल. घराखालच्या खोपटात नावांची इंजिनं दुरुस्त करायची, असं ठरलंय. मी चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून पुढं आले, घर लावायला. सदतीस वर्षांची झाले, आणि आता इथून हलायचं नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच म्हणतेय.

१७ सप्टेंबर, बुधवार

किनाऱ्यावरच्या, पोहणाऱ्यांनी कपडे बदलायच्या लाकडी खोल्या उतरवायला लागलेत. माणसं फळ्यांवर आकडे टाकून त्या रचत होती, पुढच्या उन्हाळ्यात जुळवायला सोपं जावं म्हणून. पाणी अजून कोमट आहे. तासभर पोहले. एक म्हातारा ओरडून म्हणाला की सप्टेंबरात फक्त परदेशी आणि वेडे पोहतात, तू त्यातली कोण? मी म्हटलं, बेर्गामोची. तो म्हणाला, म्हणजे दोन्ही!

दुपारी परत आले तर गल्लीत चिटपाखरू नाही. इकडं या वेळेला कोंत्रोरा म्हणतात. जेवणं झाल्यापासून चारपर्यंत खिडक्या बंद, माणसं आत, कुणी कुणाचं दार वाजवत नाही. आणि आमच्या पायरीवर एक खोलगट ताट, वर पांढरं फडकं, चारी टोकांना गाठी! आत रस्सा, बारीक पास्ता घातलेला, गरम, आणि त्यात लिंबाची साल. आजूबाजूला कुणीच नाही. मी उभ्याउभ्याच सगळा फस्त केला. नव्या शेजारणीचं असं स्वागत आमच्याकडं कुणी केलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

१९ सप्टेंबर

काल भरली वांगी, आज छोले घातलेला पास्ता. दोन्ही कोंत्रोरात, दोन्ही गाठी मारलेल्या फडक्यात. आज मी दारामागं दबा धरून बसले आणि शेजारच्या टिटीनाला रंगेहाथ पकडलं. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची बाई, चोरी सापडल्यासारखी दचकली. मग माझा हात घट्ट धरला, मान हलवली, म्हणाली हिंमत धर, आणि गेली. मला वाटलं, या गावात राहायला हिंमत लागते असं म्हणतेय. मी मोठ्यानं हसले. ती अशी बघत राहिली, जणू मी चर्चमध्ये शीळ घातली.

सावेरियोला फोन केला. तो म्हणे, आमच्या गल्लीतल्या बायका शेजारणीला उकळतं पाणीसुद्धा देणार नाहीत, तू काय जादू केलीस? रश्श्यातल्या लिंबाच्या सालीचं सांगितलं तर म्हणाला, अगं, ती तर माझ्या आईची सवय, अख्खं गाव तिला नाक मुरडायचं. म्हटलं, मग आता गावाला पटलेलं दिसतंय.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी हेझलनटची बिस्किटं विकत आणली आणि रिकामी ताटं भरून घरोघर परत करायला निघाले. पिवळा झगा, लिपस्टिक, अगदी नटूनथटून. पहिल्या दारातली बाई ताट बघून छातीवर क्रूसाची खूण करायला लागली. दुसरीनं ताट घेतलं पण बिस्किटं काढून माझ्याच हातात ठेवली. टिटीना तर आत पळाली.

गल्लीत सगळ्यांत थोरल्या दोन्ना इम्माकोलाता; दोन्ना म्हणजे इकडं मानाच्या बाई. वय ऐंशीच्या पुढं, तीस वर्षं काळ्या कपड्यांत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, साखरेचं पाणी दिलं, झोप लागते का विचारलं. मग म्हणाल्या, काळा झगा नसला तर माझा नेऊन अंगाला बसता कर. मी म्हटलं, काळा रंग मला शोभत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

एका ताटाची मालकीण मात्र सापडली नाही. पहिल्या दिवशीचं, निळ्या काठाचं. ज्यांना ज्यांना विचारलं त्या म्हणाल्या, आमचं नव्हे. विसळून जाळीवर ठेवलंय.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वाटलं, या गावच्या बायका एकतर फार चांगल्या आहेत, नाहीतर मला काहीतरी कळत नाहीये.

२२ सप्टेंबर

कळलं.

टिटीना आज दुपारी तळलेले मासे घेऊन आली. मी दार अडवून उभी राहिले आणि म्हटलं, आता बसल्याशिवाय जायचं नाही. ती म्हणाली, असल्या घरात बसत नाहीत, बाई. असल्या म्हणजे कसल्या? तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि कुजबुजली: जिथं माणूस गेलंय.

मग सगळं बाहेर आलं. याला कोन्सोलो म्हणतात, सांत्वनाचं जेवण. ज्या घरात कुणी जातं तिथं चूल पेटवत नाहीत. नऊ दिवस शेजारणी पाळीपाळीनं ताट आणतात. कोंत्रोरात ठेवून जातात, म्हणजे दुःखातल्या माणसाला कुणाला तोंड दाखवायला नको. कोण गेलं हे विचारायचं नाही, नाव घ्यायचं नाही, जिचं गेलं तिला बोलावंसं वाटेपर्यंत थांबायचं. म्हणून पाच दिवस कुणी चकार शब्द काढला नव्हता. भिंतीवर मृत्यूची जाहिरात लागली नाही, तर उत्तरेकडं तशी पद्धत नसेल असं त्यांनी ठरवून टाकलं.

मी म्हटलं, अहो, माझं कुणीही गेलेलं नाही! टिटीनाचा जबडा खाली आला. दोन मिनिटांत गल्लीतल्या साऱ्या बायका माझ्या स्वयंपाकघरात. एकीला वाटलेलं माझी आई गेली, दुसरीला बाप, औषधवाल्याच्या बायकोनं माझ्या पहिल्या नवऱ्यालाच मारून टाकलेलं. हसून हसून पोटं दुखली. टिटीना म्हणे, नवऱ्याच्या तोंडातली वांगी काढून हिला घातली, आता तो मला जन्मभर ऐकवणार! आणि ही पिवळा झगा घालून हिंडतेय, आम्ही म्हणतोय दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं.

इम्माकोलाता तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पहिलं ताट कुणी ठेवलं?

टिटीना म्हणाली, मी नाही, मी बुधवारी पायरीवर ताट पाहिलं म्हणून गुरुवार-शुक्रवारची पाळी घेतली. दुसरी म्हणाली, मी टिटीनाला पाहून. तिसरी दुसरीला पाहून. हळूहळू हसणं थांबलं. इम्माकोलाता जाळीपाशी गेल्या, निळ्या काठाचं ताट हातात घेऊन पाहिलं. मग मला न विचारता कोपऱ्यातलं फडताळ उघडलं. वरच्या फळीवर तशीच पाच ताटं. सहाचा संच होता, त्या म्हणाल्या, फिलोमेनाला लग्नात मिळालेला.

मी फडताळाचा तो कप्पा आजवर उघडलासुद्धा नव्हता.

पहिलं ताट ठेवायचा मान, इम्माकोलाता हळू बोलल्या, गेलेल्याच्या सगळ्यांत जवळच्या रक्ताचा असतो. आणि त्यांनी एकदम तोंडावर पदर धरावा तशी काळी शाल धरली. कुणी कुणाकडं बघेना. एकेक करून सगळ्या गेल्या.

फिलोमेनाबाईंचं रक्ताचं माणूस एकच. सावेरियोचा फोन लागत नाहीये.

२३ सप्टेंबर

सकाळी सात वाजता फोन लागला. ठणठणीत आहे! क्रेनच्या आवाजावर ओरडून बोलत होता, तोंडात पाव होता. मला इतका आनंद झाला की रडू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. सगळं सांगून टाकलं. त्यानं तोंडातला पाव गिळला. मग म्हणाला, एकटी राहून तुझ्या डोक्याचं भजं झालंय, मी कप्तानाशी बोलतो, तीस कशाला, परवा पंचवीसलाच येतो. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ये. लवकर ये.

एक वाजल्यापासून उघड्या दारात खुर्ची टाकून बसले. बघतेच कोण येतं. गल्ली रिकामी, ऊन पांढरं. दोनच्या सुमाराला चष्मा पुसायला मान खाली घातली. दोन सेकंद, फार तर तीन. मान वर केली तर पायरीवर ताट, फडकं, गाठी. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर. रस्सा मोरीत ओतला. घरभर लिंबाचा वास.

फडताळात आता चार.

संध्याकाळी टिटीना दारापर्यंत आली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, जे खाल्लं ते खाल्लं, बाई. कोन्सोलो खाल्लं म्हणजे दुःख पदरात घेतलं. पण नऊच्या नऊ ताटं व्हावी लागतात, नववं परवा. इम्माकोलातांनी निरोप दिलाय की चूल पेटव. गेलेल्याच्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा तुझ्या घरात ती पेटती ठेव, म्हणजे कळेल की इथं कुणी गेलेलं नाही.

तेव्हा लक्षात आलं. पहिले दोन दिवस कॉफी केली तेवढीच. सतरा तारखेपासून मी शेगडीला हातही लावलेला नाही.

२४ सप्टेंबर

पेटत नाही.

सिलिंडर बदलला. टिटीनाच्या नवऱ्यानं तोच सिलिंडर त्यांच्या घरी नेऊन लावला, तिथं निळी ज्योत. इथं आणला की नाही. गॅसचा वास येतो, काडी पेटते, बर्नरजवळ नेली की विझते. टिटीनाचा नवरा वाऱ्याला शिव्या देत होता. खिडक्या बंद होत्या. नंतर त्यानंही शिव्या थांबवल्या आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

काडी कशी विझते ते मी पाहिलं. झटक्यानं नाही. लेकराच्या चमच्यावर फुंकर घालावी तशी, हलकेच.

ताट आलं. ओतून दिलं. फडताळात तीन.

सावेरियोला म्हटलं, येऊ नकोस, जहाजावरच थांब. तो हसला. म्हणाला, काल ये, आज नको, बाईमाणसाचं काही खरं नाही. तिकीट हातात होतं, गाडी तासाभरात. उद्या बसवाल्यांचा संप आहे, तर पाल्मारा स्टेशनवरून मिको त्याला नावेनं आणणार. मिको त्याचा लहानपणचा मित्र. खाडी ओलांडली की चाळीस मिनिटांत घर. मी ओरडले, नाव नाही! नावेत पाऊल टाकायचं नाही! तो म्हणाला, अगं, ही खाडी मी आठव्या वर्षी वल्हवत पार केलीय, पाणी तेलासारखं शांत आहे. मी इतकी ओरडले की शेवटी त्यानं शब्द दिला. संध्याकाळी संप संपेपर्यंत स्टेशनवर बसून राहीन. आईची शपथ, म्हणाला. नेमकी तीच शपथ.

फोन ठेवल्यावर मी फिलोमेनाबाईंच्या फोटोपुढं उभी राहून मोठमोठ्यानं बोलले. म्हटलं, चार वर्षं मला घोटभर पाणी विचारलं नाहीत, आताच कुठून आली ही माया? रागवा माझ्यावर. शिव्या द्या. भांडी आपटा, रात्री छातीवर बसा, या घरातून हाकलून द्या, मी जाते. पण मला जेवू घालू नका.

भीती मला याचीच वाटतेय. त्या मला घाबरवत नाहीयेत. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्यांना माहीत आहे आणि माझी दया येतेय. त्यांनी मला सून म्हणून पत्करलं. मला नको होतं हे, असं नको होतं.

२५ सप्टेंबर

९.३० — फोन आला. पाल्माराला पोचला. स्टेशनवर बसलाय, कॉफी पितोय, शेजारची म्हातारी त्याला अंजिरं खायला घालतेय. थांबतो म्हणाला. दोनदा वदवून घेतलं.

काड्यांची एक पेटी संपली.

११.०० — फोन बंद. बॅटरी गेली असेल. रात्रभर गाडीत होता, बॅटरी जाणारच.

११.४० — मिकोच्या घरी गेले. त्याची बायको म्हणाली, तो दहालाच नाव घेऊन गेला. सावेरियोचाच फोन आलेला. म्हणाला, बायको एकटी घाबरलीय, संध्याकाळपर्यंत बसवत नाही, मला आत्ता ने. तिला आधी सांगू नका, दारात उभा राहून चकित करतो.

दहाला. म्हणजे साडेअकरापर्यंत तरी —

मीच बोलावलं त्याला. तीस तारखेला आला असता. बसनं आला असता.

१२.३० — खिडकीत. समुद्र तसाच, एक लाटसुद्धा नाही. नाव नाही.

दुसरी पेटी. टिटीना माझ्यासोबत काड्या ओढत होती, रडत होती. तिला घरी पाठवलं.

१.१० — कोंत्रोरा. खिडक्या लागल्या. पायरीवर काही नाही. दोनदा पाहिलं. काही नाही! नववं आलं नाही म्हणजे —

१.२५ — मिकोची नाव. धक्क्याच्या टोकाशी. दुसऱ्या एका नावेनं ती दोरानं ओढत आणलीय. मिको उभा. एकटा उभा. टोपी काढलेली. तळाशी ताडपत्री आहे, लांब —

जाळी असतील. जाळ्यांवर टाकतात ताडपत्री.

मिको इकडं बघतोय, माझ्या खिडकीकडं. खाली बसला. तोंड हातात —

गल्लीत खिडक्या उघडताहेत. एक, मग दुसरी. कोंत्रोरात कधी उघडत नाहीत.

मागं वळले. पायरीवर नाही, या वेळी टेबलावर. फडकं सोडलेलं. वाफ येतेय. शेजारची खुर्ची ओढलेली, कुणी बसावं तशी.

खाणार नाही. आठच झालीत. नववं खाल्लं नाही तर झालं नाही. ताडपत्रीखाली जाळी आहेत. लिहीत राहते. हातात पेन आहे तोवर चमचा धरता येणार नाही, लिहीत राहते, सावेरियो बेल्कास्त्रो, वय चव्वेचाळीस, जिवंत, सावेरियो जिवंत, सावेरियो —

पावलं. सगळ्या येताहेत. पुढं इम्माकोलाता, ओळखते मी तो काठीचा आवाज. कुणी बोलत नाहीये.

कानाशी कुणीतरी बोलतंय. इथली बोली मला येत नाही, तरी कळतंय. खा, पोरी. त्या दारात यायच्या आत चार घास खाऊन घे, मग किती दिवस तुझ्या घशाखाली काही उतरणार नाही, मला माहीत आहे, मीही —

आई, नको ना —

रडतेय. त्याही रडताहेत. माझी बोटं एकेक करून सोडवताहेत, पेनावरून, किती हळू, दुखू नये म्हणून, किती ह